बारशाआधीची मुलं

आमच्या फॉर्मवर बाळाच्या नावाचा रकाना दुसऱ्या क्रमांकाचा होता. पहिला घराचा नंबर, मग नाव, वय, आणि मग वजन, दूध, ताप, जुलाब. सत्तरच्या दशकात परदेशातल्या एका मोठ्या आरोग्य संशोधन संस्थेने आमच्या भागातल्या तान्ह्या मुलांचा अभ्यास सुरू केला होता. ऑफिस साताऱ्यात आणि गावं तासगावच्या बाजूची. त्या गावांत घरोघर फिरून फॉर्म भरायचं काम माझं. माझे वडील पलटणीतून निवृत्त झालेले. विचारलं तेवढंच सांगायचं, हे बाळकडू मला घरीच मिळालं होतं, आणि साहेबांना माझा नेमका तोच गुण आवडायचा.

साहेब म्हणजे आमचे प्रमुख डॉक्टर. माणूस सज्जन, पण कागदाच्या बाबतीत कर्दनकाळ. नाव नसलेला फॉर्म दिसला की त्यावर लाल पेन्सिलीने ‘अपूर्ण’ लिहून परत पाठवायचे. सुरुवातीला माझे ढीगभर फॉर्म असे परत आले, कारण आमच्याकडे नाव ठेवतात बाराव्या दिवशी. तोवर बाळ म्हणजे नुसतं बाळ. शेवटी मीच अक्कल पाजळली. साहेबांना म्हटलं, बारशाआधी त्या घरी जायचंच कशाला? बारसं झाल्यावर जावं. घर आनंदात असतं, हातावर घुगऱ्या पडतात, नावही तयार असतं. साहेब खूश झाले आणि आम्हा सगळ्याजणींना तसा हुकूम निघाला. त्यानंतर माझा एकही फॉर्म परत आला नाही. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

एका घरी मात्र पाऊल अडखळलं होतं. मागच्या खेपेला तिथल्या बाईचे दिवस भरत आले होते. आता पोट सपाट आणि मूल कुठे दिसेना. तिने जुन्या लुगड्याच्या पट्टीने छाती घट्ट बांधली होती, तरी चोळी दुधाने भिजलेली. मी विचारलं, “बारसं झालं का?” ती म्हणाली, “न्हाई.” बारसं नाही तर नोंद नाही, म्हणून मी पुढच्या घरी गेले. मला काही कळलं नाही असं म्हणेन तर ते धादांत खोटं होईल. नाव ठेवायच्या आधी गेलेल्या लेकराचा आमच्याकडे कुणी उच्चार करत नाही. ओढ्याकाठी पुरतात आणि ते झालंच नव्हतं असं धरून चालतात. मी याच मातीतली, मला हे ठाऊक होतं. पण फॉर्मने ते विचारलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात संस्थेचे वरिष्ठ साताऱ्याला आले. त्यांच्यात एक परदेशी डॉक्टरीणबाई होत्या. पोटुश्या बायकांना धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं की बाळही वाचतं, ते आधी कोणत्या जिल्ह्यात द्यायचं हे त्यांना ठरवायचं होतं. साहेबांनी भिंतीवरचा तक्ता दाखवला. आमच्या गावांत जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत मूल दगावल्याची नोंदच नव्हती. बाईंना ते पटेना. त्यांनी दोनदा विचारलं, खात्री आहे का? साहेबांनी मला पुढे बोलावलं. मी ताठ उभी राहून म्हणाले, “हो. एकही फॉर्म अपूर्ण नाही.” इंजेक्शनं दुसऱ्या जिल्ह्यात गेली.

मी गावात ज्या घरी खोली घेऊन राहत होते, तिथला कर्ता मुलगा फौजेत, दूर सरहद्दीवर. घरात त्याची बायको आणि म्हातारी आई. बायकोला मी वहिनी म्हणायची. तिला तेव्हा सातवा महिना होता. मी साताऱ्याहून परतले तेव्हा तिने विचारलं, “ताई, ते इंजेक्शन आपल्याकडं कवा येनार?”

“इथं गरज नाही म्हणाले, वहिनी.”

“व्हय? बरं झालं बाई. मला सुईचं लय भ्या वाटतं.” आणि ती मनापासून हसली. मीही हसले.

मुलगी झाली. सासूनेच बाळंतपण केलं, विळ्याने नाळ कापली आणि वर चुलीतली राख दाबली. पाचवी पुजली. सातव्या दिवशी सकाळी पोर दूध घेईना. दुपारपर्यंत जबडा मिटला, आणि हात लावला की अंग ताठ होऊन मागे वाकायला लागलं. आम्ही एसटीने सांगलीला नेलं. डॉक्टरांनी एकच विचारलं, “आईनं इंजेक्शन घेतलं होतं का?” वहिनीने माझ्याकडे पाहिलं. ती नजर आजही माझ्या मानगुटीवर बसलेली आहे.

आठव्या दिवशी पोर गेली. सासू तिला ओढ्याकाठी ठेवून आली, झोळीचं कापड धुऊन वाळत टाकलं आणि चुलीपाशी बसून भाकऱ्या थापायला लागली. वहिनी माझ्या खोलीच्या दारात आली.

“ताई, तुमच्या कागदावर हिला लिवा.”

“नाव लागतं, वहिनी,” मी म्हणाले. देवा, मी हेच म्हणाले!

“गप बस गं,” सासू आतून ओरडली. “नाव न ठिवल्यालं लेकरू हाय ते. त्याचं काय लिवायचं?”

वहिनीने वाकून माझ्या कानात नाव सांगितलं. मनात कधीचं ठरवून ठेवलं होतं तिने. ते नाव मी इथे लिहिणार नाही. फॉर्मवर लिहिलं, वयाच्या रकान्यात आठ दिवस लिहिलं, आणि तो फॉर्म घेऊन स्वतः साताऱ्याला गेले.

साहेबांनी तो दोनदा वाचला. “असे अजून किती?”

“माहीत नाही. आपण विचारलंच नाही.”

“पण तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं.”

ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी लाल पेन्सिल खाली ठेवली, वरिष्ठांना पत्र लिहायला घेतलं, आणि मला म्हणाले, प्रत्येक घरी पुन्हा जा. इंजेक्शनं पुढे आली, उन्हाळा सरल्यावर.

मी सगळ्यात आधी त्या बांधलेल्या छातीच्या बाईकडे गेले. ती अंगणात ज्वारी पाखडत होती. मी समोर बसले आणि विचारलं, “मागं तुम्हाला मूल झालं होतं का?”

तिने सूप खाली ठेवलं.

“ताई, तवा तुमी माझ्या चोळीकडं बगितलं हुतं की. मला वाटलं, आता इचारतील. तुमी गल्लीच्या टोकाला जाईस्तवर मी दारात हुबी हुते.”