खाटेला जू लावणारे सर

आमच्या कॉलेजातल्या तर्कशास्त्राच्या सरांना पाणी मागायलासुद्धा तीन वाक्यं लागत. "तहानलेल्याला पाणी लागतं. मी तहानलेला आहे. म्हणून, किसन, पाणी आण." तोवर दुसऱ्या सरांचा चहा पिऊन व्हायचा. पोरांनी त्यांचं नाव 'म्हणूनसर' पाडलं होतं. मी अमरावतीच्या त्या कॉलेजात शिपाई होतो, चौथी शिकलेला.

एवढा शिकलेला माणूस, पण धोतराचा सोगा रोज सायकलच्या चेनीत अडकायचा. बाजारात वरचं एक संत्रं गोड लागलं की अख्खी टोपली गोड ठरवून मोकळे. मग घरी आठ दिवस आंबट खात बसायचे.

वर्गात मात्र वाघ. फळ्यावर मोठ्या गोलात लहान गोल काढायचे आणि दरवर्षी तोच दाखला. "बैलाला चार पाय असतात. खाटेला चार पाय असतात. म्हणून खाट बैल आहे का? नाही. निष्कर्ष निघत नाही." दाराशी स्टुलावर बसून मी आठ वर्षं हेच ऐकलं आणि तास सुटला की ते गोल पुसले. घरी जाऊन शेवंताला, माझ्या बायकोला, सांगायचो. ती हसून लोळायची. "अन् हे शिकाले पोरं हिवरखेडाहून येऊन राहिले?"

शेवंता सरांच्याच घरी धुणीभांडी करायची. एकदा त्यांचं मनगटी घड्याळ हरवलं. मला बोलावून म्हणाले, "घड्याळ नेणारा खोलीत आला असणार. तुझी बायको खोलीत आली होती. म्हणून..." पुढचं मला बोलले नाहीत. आसपासच्या चार घरांत मात्र आधीच बोलून आले होते. त्या चारही घरांनी कामाला आलेल्या शेवंताला दारातूनच परतवून लावलं.

मी मान खाली घालून उभा राहिलो, त्याची लाज अजून वाटते. शेवंता मात्र सरळ सरांच्या ओसरीवर गेली.

"मी खोलीत आली, खरं हाय. तुमचं मांजरबी येते, तुमीबी येता. कावून सर, खाटेले जू लावून राहिले का तुमी?"

आठ वर्षं दुसऱ्यांना शिकवलं ते सरांना स्वतःच्या ओसरीवर आठवलं नाही, भांडी घासणारीला आठवलं. असली विद्या काय चाटायची?

आठवड्यानं घड्याळ सापडलं. अकोल्याला, त्यांच्या साडूच्या न्हाणीत, यांनीच आंघोळीआधी काढून कोनाड्यात ठेवलेलं. सर माफी मागायला आमच्या घरी आले. शेवंता म्हणाली, "मले नका सांगू. चार घरी बोलले ना, चार घरी सांगा." आणि त्यांच्या मागं चालू लागली.

पहिल्या दारात सर म्हणाले, "माणूस चुकतो. मी माणूस आहे. म्हणून..." आणि थांबले. जीभच उचलेना.

"म्हणून काय, सर? पुरं बोला."

"म्हणून मी चुकलो. हिनं घड्याळ घेतलेलं नाही."

चारही दारांत तिनं ते तिसरं वाक्य त्यांच्याकडून असंच ओढून काढलं.

सर पुढं अकोल्याला राहायला गेले, तिथंच वारले. मी रडलो नाही.

शेवंता गेली त्याला या पोळ्याला वर्ष झालं. लोक समजूत घालायला येतात, शिकलेले जास्त. "जन्मला तो मरतो, किसनभाऊ," म्हणतात आणि चहा पिऊन जातात. राग येतो, कारण या खेपेला चूक सापडत नाही. खाटेवर बसून मोठा गोल, लहान गोल मनातल्या मनात काढून पाहतो. जन्मला तो मरतो. शेवंता जन्मली होती. म्हणून...

इथं माझीही जीभ अडते. आणि "पुरं बोला" म्हणणारी मागं उभी नाही.