फाट्यावरची खाट

खाट दिसली, की ती घटना आजही आठवते. निवृत्त माणसाला लोक हमखास म्हणतात, साहेब, एखादी थरारक केस सांगा. या केसमध्ये थरार नव्हता. एक फाटा होता, चिखल होता आणि अँब्युलन्सच्या कागदावर सवयीने लिहिलेलं एक ठिकाण होतं. तेवढ्यावर एका गरीब माणसाची वाट लागायची वेळ आली होती.

रोवणीचे, म्हणजे धानाची रोपं लावण्याचे दिवस होते. मी मोहाडी तालुक्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. पावसाळ्यात आमच्या ठाण्यात कागद वाळत नसत आणि शिपायांचे बूट तर मुळीच नाही. अशाच एका दुपारी सरकारी दवाखान्यातून सूचना आली, की करडीच्या रस्त्यावरच्या एका फाट्यावरून अँब्युलन्सने आणलेला इसम मरण पावला आहे. मृत ढिवर समाजातला, तळ्यात मासे धरणारा. रोवणीत शेतावर मजुरीला जाणारा. डोक्याला मार, बरगड्या मोडलेल्या. अँब्युलन्सच्या रुग्ण अहवालावर लिहिलं होतं, 'घटनास्थळ : फाटा, डांबरी रस्ता. प्रकार : रस्ता अपघात.'

जमादार फाट्यावर गेला, तेव्हा तिथे एक मोटरसायकल उभी होती आणि शेजारी तिचा मालक. तिशीतला माणूस, वरठीकडच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. पाळी संपवून गावी चालला होता. जखमीला पाहून थांबला आणि अँब्युलन्सला फोन यानेच केला. कोणीतरी सांगितलं, पोलीस येईपर्यंत थांब, म्हणून बिचारा थांबला. तिथल्या एका शेतकऱ्याने जबाब दिला, की याच मोटरसायकलने ठोकलं, माणूस रस्त्यावर पडला, आम्ही कोणी हात लावला नाही. गाडीचा एक इंडिकेटर फुटलेला होताच. मग काय, गुन्हा दाखल, गाडी जप्त.

त्याला जामीन झाला, पण ठेकेदाराने गेटपास काढून घेतला. केस मिटल्याशिवाय कामावर यायचं नाही. तो रोज ठाण्यात येऊन बाकावर बसायचा. मी हटकलं, तर म्हणायचा, "मी तं थांबलो होतो जी. ठोकलं असतं तं पळालो नसतो का?"

हे वाक्य आरोपींच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलं होतं, की कान किटले होते. फरक एवढाच, की हा म्हणताना हात जोडत नव्हता आणि रडतही नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं, आपलं चुकलं काय.

सुगावा लागला तो मृताच्या बायकोकडून. ती तक्रार घेऊन आली नव्हती. नवऱ्याचा खांद्यावरचा दुपट्टा परत मिळेल का, एवढंच विचारायला आली होती. मी सहज विचारलं, त्या दिवशी तो कुठे निघाला होता.

"चिखलणाले गेला होता. मालकाच्या बांधीत, टॅक्टरवर."

"मग रस्त्यावर कसा आला?"

तिने दाराबाहेर कोणी आहे का ते पाहिलं. "मले काय मालूम साहेब. मालक म्हणते, गप राह्य, तुले सांभाळतो. आता मी बोललो तं उद्या कामाले कोण बोलावन?"

जबाब लिहून घेतो म्हटल्यावर दुपट्टा न घेताच उठून गेली. हा 'मालक' म्हणजे मोटरसायकलने ठोकल्याचा जबाब देणारा तोच शेतकरी. बांधी म्हणजे पाणी साचवलेला धानाचा तुकडा. त्यात ट्रॅक्टर फिरवून चिखल करतात आणि मग रोवणी लावतात. तिथे काम करणारा माणूस मरताना डांबरी रस्त्यावर कसा पोचला, हा आता माझा प्रश्न होता. पायाच्या चिखलावरून काही सिद्ध होणार नव्हतं. रोवणीच्या दिवसांत आमच्याकडे चिखल कोणाच्या पायाला नसतो?

मी अँब्युलन्सवरच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. तरुण मुलगी, पाळी आटोपून तशीच आली होती. डोळे पेंगत होते. चहा मागवला, अहवाल पुढे ठेवला.

"हे तुम्हीच लिहिलंय ना? तुम्ही त्याला रस्त्यावर पडलेला पाहिला?"

"नाही सर. तो खाटेवर होता."

"खाटेवर?"

"हो. फाट्यावर पेशंट खाटेवरच असतो. बांधीत गाडी जात नाही, मग गाववाले खाटेवर घालून डांबरापर्यंत आणून ठेवतात. साप चावलेला असो की बाळंतीण असो."

"मग घटनास्थळ रस्ता कसं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गाडी जिथं थांबते तेच आम्ही लिहितो सर. कॉल पण तिथलाच असतो. आणि लोक म्हणाले अपघात झाला, म्हणून रस्ता अपघात."

माणूस पडला कुठे आणि उचलला कुठून, या दोन ठिकाणांसाठी कागदावर एकच ओळ. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसं झालं होतं. आमचा पंचनामाही त्याच ओळीवर विसंबून सोमेश्वरी होऊन गेला. मला त्या मुलीचा राग आला नाही. दिवसभर माणसं उचलून थकलेल्या हातांनी लिहिलेल्या कागदात मला नवीन काही नव्हतं. आमचा हवालदार तरी काय वेगळा लिहितो? खालच्या ओळीत त्यांनी लिहिलं होतं, 'तोंड साफ करून ऑक्सिजन दिला.' तोंडात काय होतं, विचारलं.

"चिखल," त्या म्हणाल्या. "एकदम मऊ, लोण्यासारखा. घशापर्यंत गेला होता. पाइपनं ओढून काढला. दवाखान्यात पोचेपर्यंत तोंड स्वच्छ होतं."

डांबरी रस्त्यावर पडणाऱ्याच्या पायाला चिखल असेल, घशात कसा जाईल? आणि ज्याला कोणी हात लावला नाही, तो खाटेवर कसा चढला? बाकावरच्या मोटरसायकलवाल्याला विचारलं, तर म्हणाला, "खाटेवरच होता जी, पण मले कोणी इचारलंच कुठं?"

दुसऱ्या दिवशी शेतकऱ्याला बोलावलं. धानाचा व्यापारही करणारा, गावात वजन असलेला माणूस. अशा माणसाशी आवाज चढवून उपयोग नसतो; तो अपमानाच्या आडोशाला जाऊन बसतो. मी पिकापाण्याच्या गप्पा मारल्या आणि मग विचारलं, "शेठ, खाट परत नेली का हो?"

"कोणती खाट?"

"फाट्यावरची. तुमच्या गोठ्यातली."

गोठ्यातली हा माझा अंदाज होता. पण गडी पाणी पाणी झाला. मान खाली घालून सांगू लागला.

"मडगार्डवर बसला होता साहेब. रोजच बसते सारे. बांध चढताना टॅक्टर उसळला, तो खाली गेला. मीच चालवत होतो. इन्शुरन्स नाही, काही नाही. आमीच खाटेवर घालून आणला त्याले, वाचावा म्हणून आणला."

"आणि त्या मोटरसायकलवाल्याचं नाव काहून घेतलं?"

"मी कुठं घेतलं?" तो कळवळून म्हणाला. "तुमच्या जमादारानंच कागद पाहून इचारलं, कोणत्या गाडीनं ठोकलं? गाडी समोर उभी होती. मी बोट दाखवलं."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरही धड चोर नव्हता. जखमीला खांद्यावर वाहून आणणारा माणूस हाच आणि निरपराध माणसाकडे बोट दाखवणाराही हाच. अशा लोकांचा द्वेष करणं मला कधी जमलं नाही, सोडून देणंही जमलं नाही. त्याने बांधीतली जागा दाखवली, पंचनामा झाला, खाट आणि ट्रॅक्टर जप्त झाले. मग त्या बाईनेही जबाब दिला. दुपट्टा मी तिला स्वतः नेऊन दिला. मोटरसायकलवाल्याचं नाव वगळण्याचा अहवाल कोर्टात गेला, तो सुटला, कामावरही लागला. डॉक्टरीणबाई त्यानंतर अहवालात 'पडला कुठे' आणि 'उचलला कुठून' असं वेगवेगळं लिहू लागल्या, हे त्यांनीच मला सांगितलं.

या केसने मला शिकवलं, की खोटं बोलायला नेहमी बदमाश लागत नाही. एकाने सवयीने लिहिलं, दुसऱ्याने ते वाचून विचारलं, तिसऱ्याने घाबरून बोट दाखवलं, एवढ्यानेही काम भागतं. शहाणपण उशिरा येतं आणि पेन्शनबरोबर घरी बसतं.

मागच्या पावसाळ्यात वरठी स्टेशनच्या बाहेर तोच मोटरसायकलवाला भेटला. केस पिकले आहेत. चहा पाजला मला. म्हणाला, नाकाडोंगरीच्या जंगलरस्त्यावर एक म्हातारा सायकलवरून पडलेला दिसला, तेव्हा पुन्हा थांबलो. मला खरंच बरं वाटलं. म्हटलं, शाबास.

तो म्हणाला,

"थांबलो, पण आधी फोटो काढले साहेब. तो कुठं पडला, माझी गाडी कुठं उभी आहे, दोन्हीकडून सारे फोटो. मंग त्याच्याजवळ गेलो." कप खाली ठेवून म्हणाला, "तो तवापासून पाणी मागून राहिला होता."