चारशे बारा नंबरची ट्रॉली

हे लिहायला तीन आठवडे टाळाटाळ केली. आधी मोबाईल बिघडला म्हणालो, मग गावची जत्रा आली. खरं कारण पुढं येईलच.

माझा शाळासोबती सोमा लोणंदला राहतो. आयटीआय झाल्यावर त्यानं आणि दोस्तांनी, एकूण पाच जणांनी मिळून मातीवरच्या शर्यतींसाठी गाडी बनवली. भंगारातल्या मोटारीचं इंजिन आणि भोवती लोखंडी पाइपांचा पिंजरा. चालवते प्रणाली, माजी फौजीची पोरगी, बाराव्या वर्षापासून ट्रॅक्टरवर बसलेली. घरच्यांशी त्यांचा करार ठरलेला: या हंगामात एकदा तरी पहिल्या तिनात यायचं, नाहीतर गाडी मोडून पुण्याला कंपनीत लागायचं. पहिल्याच शर्यतीत क्लच जळाला. "साताऱ्याला चल, ढकलायला मानूस कमी पडतोय," असा सोमाचा फोन आला आणि मी सॅक उचलली.

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याहून लोणंद एसटीनं तासाभराच्या आतलं. मला अर्धा दिवस लागला, कारण कांद्याचा लिलाव चालू होता आणि तो बघत उभा राहिलो की माझं घड्याळ बंद पडतं. जाणार असाल तर लिलावाचा वार विचारून जा.

गाडीचा पिंजरा लोणंदच्याच याकूबचाचांनी जोडलेला. चाचा उसाच्या ट्रॉल्या बनवतात आणि प्रत्येकीवर वेल्डिंगनंच नंबर उठवतात. गाडीच्या मागच्या आडव्या पाइपवरही होता, ४१२. म्हणजे त्यांच्या लेखी ही चारशे बारावी ट्रॉली. लोखंडही ट्रॉलीचंच, जाडजूड.

साताऱ्यात शहराबाहेरच्या मैदानावर गाडी सगळे फेरे बिनतक्रार धावली आणि शेवटची आली. कुंपणापलीकडून एक आजोबा ओरडले, "आगं पोरी, कारखाना मागं ऱ्हायला! ऊस कुठं उतरवनार?" सगळं मैदान हसलं. प्रणाली बराच वेळ हेल्मेट काढेना.

कंदी पेढे खात बैठक बसली. वजन कमी करायचं, सुरुवात मागच्या आडव्या पाइपपासून. सोमाचं मनगट मुरगळलेलं, म्हणून ग्राइंडर मी धरला. हो, पाइप मीच कापला. नंबरवाला तुकडा आठवण म्हणून सॅकमध्ये टाकला.

चार दिवसांनी सांगली. गाडी टेंपोनं गेली, मी पॅसेंजरनं. स्वस्त पडते आणि खिडकीतून ऊस बघत जाता येतं, फक्त वेळेचा हट्ट धरू नका. मी मैदानावर पोचलो तेव्हा शर्यतीचे तपासनीस गाडीमागं वाकून उभे होते.

"इथला पाइप कुठाय? गाडी उलटली तर या पोरीची मान कोण सांभाळनार?"

पाइप बसवल्याशिवाय गाडी पळणार नाही, असं सांगून ते पुढच्या गाडीकडं गेले. सांगलीची शर्यत हुकली. आता हंगामातली एकच उरली होती, कवठे महांकाळची.

प्रणालीनं तिथल्याच एका वेल्डरला गाठलं. त्यानं जुन्या जोडावरून बोट फिरवलं. "काम कुनाचं?"

"लोणंदच्या याकूबचाचांचं."

"लावा फोन. व्हय म्हनले तर आत्ता जोडतो. जित्या मानसाच्या कामाला त्याला इचारल्याबिगार हात लावत न्हाई आमी."

तिनं फोन लावला. "चाचा, मागचा पाइप..."

"मोडला?"

"न्हाई. कापला."

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर उचलेनात. सोमा म्हणाला दुसरा वेल्डर बघू. प्रणाली म्हणाली, "आता दुसऱ्याकडं न्हाई न्यायची." भडंगाचा पुडा मधे उघडा पडला होता. सांगलीचं भडंग कुणी खाल्लं नाही, यावरून काय ते समजा.

गाडी कवठे महांकाळला प्रणालीच्या मामांच्या बेदाण्याच्या शेडमध्ये ठेवली. मीही सोबत गेलो. सांगलीहून रस्ता झकास, दोन्हीकडं द्राक्षबागा. मामांनी ओंजळभर बेदाणे दिले, ते खाताना सॅकमधला तो तुकडा पाठीला टोचत राहिला.

म्हणून परतताना लोणंदला उतरलो. चाचा ट्रॉलीखाली झोपून काम करत होते. तुकडा समोर धरला.

"चाचा, मीच कापला."

त्यांनी कापलेली कड बघितली. "हात वाकडा हाय तुजा." मग बराच वेळ नंबरवर अंगठा फिरवला. "नंबर कशाला घालतो, ठावं हाय? कुठं मोडली तर मानूस नंबर सांगतो, अन् मी जातो. कुठंबी. पन ही मोडली न्हाई. हिला काय करू मी?"

तुकडा त्यांनी ठेवून घेतला. मला चहा पाजला आणि पुन्हा ट्रॉलीखाली गेले.

त्याला आता तीन आठवडे झाले. सॅकच्या तळाला लोखंडाची काळी पूड अजून निघते. मैदानावर हसणाऱ्यांत मीही होतो, हेही आठवतं. उद्या शेवटची शर्यत. गाडी शेडमध्ये तशीच, पाइपाविना. चाचांना पुन्हा भेटायला जायचं रोज ठरवलं आणि रोज दुसरीकडंच गेलो.

इथवर लिहिलं आणि सोमाचा फोन वाजला. मागं जनरेटरचा आवाज, त्यामुळं तो ओरडूनच बोलत होता.

"गड्या, चाचा शेडवर आल्यात! वेल्डिंगचं मशीन टेंपोत घालून, लोणंदवरनं. तुजा तुकडा मांडीवर घिऊन बसल्यात अन् एकच इचारत्यात, कापनारा कुठाय? पाइप धरायला त्यालाच बोलवा म्हनत्यात."