अकरा डब्यांत एकच स्कोअर

ती केस आठवली की डोळ्यांसमोर आधी येतो तो एक टाईप केलेला पंचनामा. छापा अजून पडायचा होता, आणि छाप्यात काय सापडलं ते त्यात लिहून तयार होतं.

मी तेव्हा बोरीवलीतल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीचा प्रतिनिधी तक्रार घेऊन आला. स्टेशनजवळच्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात टीव्हीला जोडायचे छोटे डबे विकले जात होते. त्यांत हजारो जुने गेम भरलेले, बरेचसे त्याच्या कंपनीचे, आणि परवानगी कुणाचीच नाही. तक्रार खरी होती. मी गुन्हा दाखल करून घेतला. मग त्याने बॅगेतून तो कागद काढला.

"साहेब, फॉरमॅट रेडी आहे. फक्त पंचांच्या सह्या घ्यायच्या. सगळीकडे असंच चालतं."

चालतं, हे मला ठाऊक होतं. सिनेमाच्या सीडींच्या काळापासून चालत आलं होतं. कागदावर लिहिलं होतं, 'दहा हजार गेम, सर्व बेकायदा'. आकडा डब्यावरच्या स्टिकरवरून उचललेला. मी कागद परत दिला. पंचांनी जे पाहिलं नाही त्याखाली त्यांची सही घेणं ही पोलिसाने केलेली चोरी आहे, असं मी मानतो.

छापा दुपारी पडला. अकरा डबे मिळाले. चित्रीकरण झालं, लाखेचं सील लागलं. दुकानदार बोलायला गोड. म्हणाला, माल होलसेल बाजारातून येतो, बिलं तिथे कोण देतं, मी गरीब नुसता विकणारा. दोन दिवस हीच टेप वाजत राहिली.

कोर्टाच्या परवानगीने सील उघडलं. तज्ज्ञाने डब्यांतल्या मेमरी कार्डांच्या नकला काढल्या आणि मूळ कार्डं बाजूला ठेवली. आमच्या ठाण्यातल्या एका महिला शिपायाला मी काम दिलं: प्रत्येक गेम उघडायचा आणि नाव लिहायचं. सहकाऱ्यांनी तिची भरपूर चेष्टा केली, मॅडम, अशी ड्युटी आम्हालाही लावा की. ती म्हणायची, या ना, आधी माझे डोळे बघा. पाचव्या दिवशी ती माझ्या केबिनमध्ये आली.

"सर, एक गंमत आहे. मोटारसायकलच्या शर्यतीचा गेम आहे ना, अकराही डब्यांत पहिला नंबर एकाच माणसाचा. नावाची तीन अक्षरं तीच, स्कोअर शेवटच्या आकड्यापर्यंत तोच."

"मग?"

"डबे कोरे आहेत, सर. कुणी फोडलेलेसुद्धा नाहीत. मग खेळलं कोण?"

खेळणाऱ्याचा स्कोअर गेमशेजारी वेगळ्या फाइलमध्ये साठतो. चोराने कुणाचं तरी अख्खं फोल्डर उचललं होतं, आणि त्याच्यासोबत त्या माणसाचे स्कोअरही आले होते. मी दुकानदारासमोर दोन डबे लावले आणि विचारलं, ही अक्षरं तुझ्या नावाची आहेत, की दुरुस्तीला आलेल्या कुणाच्या? त्याने पाणी मागितलं. मग सगळं सांगितलं. मुलुंडच्या एका गिऱ्हाइकाने बिघडलेली हार्ड डिस्क दुरुस्तीला दिली होती. परत देण्याआधी याने ती उतरवून घेतली.

ते गिऱ्हाईक म्हणजे लिफ्ट दुरुस्तीचं काम करणारा, पन्नाशीचा माणूस. "जय भीम, साहेब, आत या," म्हणून त्याने घरात घेतलं. बालपण गोवंडीत गेलेलं. तिथलं गेम पार्लर बंद पडलं तेव्हा त्याने तिथली सगळी कार्ट्रिज, म्हणजे गेमच्या कॅसेट, विकत घेतली होती. कपाटात ती ओळीने मांडलेली. त्यांतल्या चिपा मरतात, म्हणून तो एकेक गेम काढून डिस्कवर जपत होता. विकला एकही नव्हता. आपलाच संग्रह बाजारात गेला हे ऐकून त्याने डिस्क आणून माझ्यासमोर ठेवली. मग मी न विचारता म्हणाला, "खोटं नाही बोलणार, साहेब. निम्मे माझ्या कार्ट्रिजमधले. निम्मे मी नेटवरून उतरवलेत. त्यांची कार्ट्रिज माझ्याकडे नाहीत."

तेहतीस वर्षांच्या नोकरीत स्वतःविरुद्धचा पुरावा असा हातात ठेवणारी माणसं मला फार भेटली नाहीत.

कंपनीच्या प्रतिनिधीला मात्र तोच आरोपी हवा होता. त्याने कॉपी केली नसती तर दुकानदाराने विकली कुठून असती, असा त्याचा सवाल. आम्ही ताब्यात घेतलेली त्याची अख्खी डिस्क नष्ट करा, ही मागणी. वरूनही फोन आला, लवकर उरका. उरकलं असतं तर त्या माणसाची नोकरी गेली असती आणि आयुष्यभराचा संग्रहही.

मी अहवालात दोन्ही बाजू लिहिल्या. विकत घेतलेल्या प्रोग्रामची राखीव प्रत ठेवायला कायदा मुभा देतो. उतरवलेल्या गेमना ही मुभा लागू होते असं मी म्हणालो नाही. पण धंद्यासाठी केलेली नक्कल आणि घरात जपलेली नक्कल यांना कायदाही एकच शिक्षा लावत नाही. सोबत महिला शिपायाची यादी जोडली आणि प्रतिनिधीला विचारलं, यातल्या प्रत्येक गेमचा हक्क तुमचा असल्याचा कागद द्या. कितीतरी गेमच्या कंपन्या कधीच बंद पडल्या होत्या. त्यांचे कागद त्याच्याकडे नव्हते.

दुकानदारावर दोषारोपपत्र गेलं. मुलुंडचा माणूस साक्षीदार झाला. कोर्टाने आदेश दिला: ज्यांचे कागद कंपनीकडे आहेत आणि ज्यांची कार्ट्रिज या माणसाकडे नाहीत तेवढेच गेम पुसा, बाकी डिस्क परत द्या.

पुसण्याचं काम ठाण्यातच झालं, पंचांसमोर. महिला शिपाई नाव वाचायची, तो माणूस स्वतः बटण दाबायचा. तक्रार नाही, रडगाणं नाही. एका नावाला मात्र त्याने हात उचलला. "हा माझा आहे," म्हणाला आणि पिशवीतून कार्ट्रिज काढून टेबलावर ठेवलं. प्रतिनिधीने ते उलटसुलट पाहिलं. मागे त्याच्याच कंपनीचा शिक्का होता. मग त्याने पेन मागितलं, यादीतली ती ओळ स्वतःच्या हाताने खोडली आणि शेजारी सही केली.

छाप्याआधीच पंचनामा टाईप करून आणणारा माणूस एका ओळीसाठी थांबला. त्याला तिथवर आणणारी यादी माझ्या ठाण्यातल्या शिपायाने लिहिली होती, याचा मला माझ्या कुठल्याही पदकापेक्षा जास्त अभिमान आहे.