विसरलेलं कडवं

आमच्या गायकाने मला फसवलं. पैशात नाही. पैशात मला फसवणाऱ्याने सीताबर्डीत अजून दुकान टाकलेलं नाही. त्याने माझी दोन मिनिटं चोरली.

कॅसेटच्या जमान्यातली गोष्ट. आम्ही लग्नाच्या ऑर्केस्ट्रात होतो. तो गायचा, मी कीबोर्ड वाजवायचो आणि लग्नवाल्यांशी पैशाचे सौदेही मीच करायचो. रेडिओ दुरुस्त करता करता, त्यावरची गाणी ऐकून, कीबोर्ड माझा मीच शिकलो होतो. मग त्याच्या डोक्यात रॉक शिरलं. नागपूरच्या मे महिन्यात तो लेदरचं जाकीट घालून फिरू लागला.

"मराठी रॉकची कॅसेट काढू गा," म्हणाला.

गिटारवाला मिळाला नाही, म्हणून सगळा भार कीबोर्डवर. धरमपेठेतल्या एका खोलीत खिडक्यांना गाद्या लावल्या. आवाज टेपमध्ये शिरतो म्हणून कूलर बंद. शेवटच्या गाण्यात पहिलं कडवं झालं आणि गायक थांबला. दुसरं विसरला होता. ऑर्केस्ट्रात गायक अडकला की कीबोर्डवाल्याने वाजवत राहायचं, लोकांना कळू द्यायचं नाही. माझे हात आपोआप चालू लागले. दोन मिनिटं काय वाजवलं ते मलाच ठाऊक नव्हतं. मग त्याला ओळ आठवली.

"पुन्हा घेऊ काय गा?" मी विचारलं.

"काहून? चालते नं! मी इथं उकडून मरून राहिलो."

कॅसेट निघाली आणि लोकांनी नेमकी ती दोन मिनिटं उचलली. कॉलेजची पोरं तीच धून तोंडाने वाजवत फिरायची. कव्हरवर मात्र संगीतकार म्हणून तोच. मी 'विशेष आभारां'त, गाद्या देणाऱ्या मंडपवाल्याच्या खाली.

मी त्याच्या घरी गेलो. "ते दोन मिनिट कोणाचे बे?"

"वाजवले तू. पण मी थांबलो म्हणून जागा झाली नं!"

"म्हणजे विसरणं हे तुझं संगीत?"

"तुले कलेतलं समजत नाही. तू सौदे कर."

मी कप आपटला. त्याच्या आईने मला हाकललं.

पुढे एका सत्कारात, खांद्यावर शाल घेऊन, त्याने सांगितलं की त्या गाण्यात दोन कडव्यांमध्ये त्याने मुद्दाम मौन धरलं होतं. टाळ्या पडल्या.

माझं नाव छापायचं की नाही ते नंतर बघू. आधी त्याने त्याच मंचावर उभं राहून उत्तर द्यावं. कान देऊन ऐकलं तर त्या मौनाच्या सुरुवातीला टेपवर कोणीतरी हळूच म्हणतं, "अबे, पुढं काय आहे?" तो आवाज कोणाचा?