दोन सह्यांची वही

आमच्या सोसायटीतली मुलं अनंतकाकांना ‘मीटरवाले काका’ म्हणतात. काकांना राग येत नाही. "बरोबरच आहे की," म्हणतात, "आयुष्यभर नदीचा मीटरच वाचला."

काका केंद्र सरकारच्या नदीचं पाणी मोजणाऱ्या खात्यात होते. गंगेच्या पाण्यावरून आपला आणि बांगलादेशाचा तीस वर्षांचा करार झाला, त्यानंतर दोन उन्हाळे त्यांना पलीकडे, पद्मा नदीवरच्या पुलापाशी पाठवलं होतं; गंगेलाच तिकडे पद्मा म्हणतात. ऐन उन्हाळ्यात नदी आटली की दहा दिवस हमीचं पाणी त्यांना, पुढचे दहा दिवस आपल्याला, अशी पाळी. आणि नदीत पाणी किती, ते दोन्हीकडच्या माणसांनी रोज शेजारी उभं राहून मोजायचं. "करार दिल्लीत झाला हो," काका सांगतात, "पण तो चाललाय का नाही, ते आमच्या वहीत कळायचं. यंदा डिसेंबरात तीस वर्षं भरतात. पुढचं मोठी माणसं बघतील."

तशीच एक वही काकांनी इथे रहाटणीत घातली. ती या मंगळवारी बंद पडायची राहिली. कारण मी होते, म्हणून सगळं लिहून ठेवते.

आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, तीन तास. पाइप आधी आमच्या फाटकाशी येतो आणि मग मागच्या बैठ्या घरांकडे जातो. तिथली माणसं बहुतेक बीड-लातूरकडची, चाकणला कंपनीत शिफ्ट करणारी. पहिला दीड तास आमचा, दुसरा त्यांचा; पाळी बदलायचा व्हॉल्व्ह आमच्या फाटकात, कुलपात. गेल्या वर्षी यावरून फाटकावर हंडे आपटले गेले, तेव्हा काकांनी तीन मीटर बसवून घेतले. एक मुख्य पाइपवर, एक आमचा, एक त्यांचा. आमचा आकडा मागच्या कौशल्याबाईंनी वाचायचा, त्यांचा काकांनी, आणि खाली दोघांची सही. खोडायचं नाही. चुकलं तर शेजारी बरोबर लिहायचं आणि कारण द्यायचं. वर्षभर भांडण नाही.

या वैशाखात मात्र लागोपाठ दोन पाळ्या आकडे जुळेनात. मुख्य मीटरवर जेवढं आलं, त्यापेक्षा दोन्हीकडचं मिळून दोन पाळ्यांत चारशे ऐंशी लिटर कमी.

"काका, एवढं पाणी काय हवंत उडालं व्हय?" कौशल्याबाईंनी पदर खोचला.

आमचे चेअरमन स्वानंद तिथेच होते. ते काकांना हळूच म्हणाले, "पाइपला गळती असेल. वहीत नका लिहू, उगाच विषय वाढतो. तुम्ही आपल्या बाजूचे ना?"

"आहे ना, म्हणून तर सही करतोय," काका म्हणाले आणि त्यांनी लिहिलं, ‘फरक ४८० लिटर. कारण माहीत नाही.’

कौशल्याबाईंनी सही केली, पण बजावलं, "मंगळवारी न्हाई जुळलं तर ही वही तुमची तुमच्यापाशी. आमचा व्हॉल्व्ह आमी फिरवू, कुलूप तोडून."

काकांनी वही पिशवीत घातली. घरी जाताना जिन्यात दोनदा थांबले.

संध्याकाळी दिवा लावून मी माझी रोजची वही उघडली. ‘पाइपला गळती’ असं लिहायचं होतं, हातून लिहिलं गेलं ‘पाइपला गळंती’. वैशाख लागल्यापासून रोज तोच शब्द लिहीत होते ना! आवारातल्या महादेवाच्या पिंडीवर मी गळंती बांधली आहे, म्हणजे बुडाला भोक असलेला तांब्याचा कलश, थेंब थेंब अभिषेक होतो. कलश रिता होऊ नये म्हणून त्यावर गेल्याच आठवड्यात प्लंबरकडून नळ बसवून घेतला होता, आणि धार तुटू नये म्हणून तो थोडा सोडूनच ठेवत होते. वरचं पाणी मोगऱ्याला जायचं. सगळे म्हणायचे, वैशाखात असा मोगरा पाहिला नाही. मला वाटायचं, देवाची कृपा.

तशीच खाली गेले. नळाचा पाइप हाताने चाचपत मागे गेले. तो मुख्य मीटरच्या पुढून, पण आमच्या मीटरच्या अलीकडून निघाला होता.

काकांचं दार वाजवून त्यांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "पद्मेवर एकदा मी एकाचा सात वाचला. तिकडच्या हुसेनसाहेबांनी शेजारी एक लिहिला, आणि कारणाच्या जागी लिहिलं, ‘चष्मा’. दोघांनी सह्या केल्या, चहा प्यायलो. तुम्हीच लिहा मंगळवारी."

मंगळवारी नळ बंद होता. पाळी संपली, आकडे जुळले. मग मी मागच्या दोन नोंदींशेजारी कारण लिहिलं. कौशल्याबाईंनी वाचलं, "गळती."

"गळंती," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं.

त्यांनी वहीवरून मान वर केली. "पिंडीवर पाचशे लिटर? अवो काकू, सर्दी व्हईल की महादेवाला!" मागच्या बायका फिदीफिदी हसल्या. कौशल्याबाई मात्र हसल्या नाहीत. "आमच्या वाटचं किती गेलं?"

"दोन पाळ्यांचं मिळून चारशे ऐंशी, त्यातलं निम्मं तुमचं," काका म्हणाले.

"मग पुढच्या पाळीला तेवढं आमाला आधी."

स्वानंद काही बोलणार होते. "द्यायलाच हवं," मी म्हटलं. काकांनी तेही लिहिलं. दोघांच्या सह्या झाल्या आणि वही काकांच्या पिशवीत गेली.

मी वळले तशी मागून हाक आली. "काकू, देवाला कोरडं नका ठिवू. एक हंडा माझ्याकडचा न्या." आणि काकांना म्हणाल्या, "लिवा की! एक हंडा, मागच्या घरांकडून."

काकांनी पिशवीतून वही पुन्हा काढली. त्या ओळीखाली कौशल्याबाईंनी सही केली, आणि शेजारची जागा बोटाने मला दाखवली.