सगळ्या गावाच्या किल्ल्या

तुरुंगातून सुटून तो पाथर्डीकडच्या आमच्या गावी परतला, तेव्हा पोलीस पाटलांनी दवंडी पिटवली, ‘चोर आलाय, सावध ऱ्हावा. त्याला गाव सोडायची मनाई हाय.’

दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघालेली माणसं बैलगाड्या थांबवून त्याच्याच दारात किल्ल्या द्यायला लागली.

“दवंडी ऐकली न्हाई का?” तो प्रत्येकाला कळवळून विचारी.

“ऐकली की. हितं हटकून ऱ्हानारा तूच एकला.”

सगळ्या किल्ल्या करदोट्याला बांधून तो खुळखुळत फिरे.

मला त्याचा भरवसा नव्हता. तरी शाळेला दिवाळीची सुट्टी लागल्यावर माझ्या मूळ गावी निघताना मीही किल्ली पुढे केली. ती न घेताच त्यानं माझं कुलूप तारेनं उघडून दाखवलं.

“मास्तर, दुसरं आना,” तो काळजीनं म्हणाला. “गावात चोर हाय.”